थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा की उपचार? मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत नेमके काय घडते?

यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात ‘टेन्शन’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला. त्यावर रीतसर उपचार असतो, तो कसा चालतो, कोण करतो आणि तालुक्यातून तिथवर पोहोचायचे कसे? समजून घ्या सोप्या भाषेत.

यावल : झोप लागत नाही, डोके जड असते, छातीत धडधड होते, जेवण जात नाही. अशी तक्रार घेऊन माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो. सलाईन लागते, अशक्तपणा आहे म्हणून ताकदीच्या गोळ्या मिळतात. आठ दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मग भुसावळ किंवा जळगाव गाठून ईसीजी, रक्ततपासणी, सोनोग्राफी होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. घरचे म्हणतात, ‘तुला काहीच झालेले नाही, उगाच विचार करत बसतोस.’

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. मनावरचा ताण आपल्याकडे बहुतेक वेळा शरीराच्या भाषेतच बोलतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘हातापायातले बळ गेले’, ‘डोक्यात भणभण होते’ ही वाक्ये म्हणजे अनेकदा उदासीनतेची किंवा चिंतेची पहिली खूण असते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे दहा माणसांमागे साधारण एक. यातील उपचारांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होते. उपचार न मिळण्याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक अगदी साधे : त्या खोलीत काय होते, हेच माहीत नसते.

■ थोडक्यात महत्त्वाचे

• थेरपी म्हणजे सल्ला किंवा सांत्वन नाही. ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या उद्दिष्टासाठी टप्प्याटप्प्याने केलेले ते काम आहे.
• मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाहीत. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात.
• सौम्य ते मध्यम त्रासात काही मोजक्या सत्रांतही फरक पडू शकतो.
• ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन २४ तास आणि मोफत आहे. मराठीत बोलता येते.

■ कोणाकडे जायचे? तीन वेगळी माणसे

‘डोक्याचा डॉक्टर’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या व्यावसायिकांना बसवतो. त्यामुळे अर्धा गोंधळ तिथेच होतो.

मनोविकारतज्ज्ञ : हे एमबीबीएस होऊन पुढे मानसिक आजारांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. आजाराचे निदान करतात, औषधे लिहून देतात, गरज पडल्यास दाखल करून घेतात.

मानसशास्त्रज्ञ : यांनी मानसशास्त्राचे उच्चशिक्षण घेतलेले असते. यातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक चाचण्या आणि थेरपीचे खास प्रशिक्षण घेतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. १९९२ च्या कायद्याने या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. नोंदणी क्रमांक विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

समुपदेशक : शाळा, कुटुंब, व्यसनमुक्ती, करिअर अशा ठरावीक प्रश्नांवर बोलून मदत करतात. त्यांचे प्रशिक्षण कमी-जास्त असू शकते. म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारून घ्यावा.

तिघे एकमेकांना पर्याय नाहीत. चांगला मानसशास्त्रज्ञ औषधाची गरज ओळखतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. चांगला डॉक्टरही गोळ्यांसोबत थेरपी सुचवतो. आणखी एक गोष्ट : थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, रक्तक्षय यांतही थकवा आणि उदासी येते. छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी. शरीराची शंका फिटल्यावर मनाकडे वळणे हा सरळ क्रम.

■ पहिल्या सत्रात काय होते?

अनेकांना वाटते, आत गेले की कोचावर झोपवतील, संमोहन करतील, मनातले सगळे काढून घेतील. तसे काही होत नाही. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा ग्लास आणि साधारण ४५ मिनिटे ते एक तास एवढाच मामला असतो.

सुरुवातीला गुप्ततेविषयी सांगितले जाते. मग त्रास कधीपासून आहे, कशाने वाढतो, झोप-भूक कशी आहे, घरात कोण कोण, याआधी असे कधी झाले होते का, दारू-तंबाखू किती, मरणाचे विचार येतात का, असे प्रश्न येतात. शेवटचा प्रश्न ऐकून दचकू नका. तो प्रत्येकाला विचारायचाच असतो.

बऱ्याचदा एक छोटी प्रश्नावली भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटले, किती दिवस कशातच रस वाटला नाही, याला गुण असतात. ताप मोजायला जसे थर्मामीटर, तशी ही मोजणी. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की फरक पडला की नाही, ते दोघांनाही दिसते.

शेवटी उद्दिष्ट ठरते. ‘मला बरे वाटावे’ हे फार मोघम झाले. ‘रोज सकाळी शेतात जायला लागावे’, ‘बायको-मुलांवर ओरडणे कमी व्हावे’, ‘परीक्षेच्या हॉलमध्ये बसता यावे’ अशी ती ठरवली जातात, म्हणजे गाठली की नाही ते सांगता येते.

■ एक उदाहरण : आडवी झालेली बाग

थेरपीचे काम कसे चालते, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहे, परिस्थिती मात्र या पट्ट्याला अनोळखी नाही.

तालुक्यातला ४५ वर्षांचा एक केळी उत्पादक. मे महिन्यातल्या वादळात कापणीला आलेली बाग आडवी झाली. नंतर लावलेल्या मृगबागेत हरण्या, म्हणजे सीएमव्ही आला. रोपे उपटून फेकावी लागली. डोक्यावर सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न तोंडावर. आता तो शेतात जात नाही, ओट्यावर बसत नाही, फोन उचलत नाही. दिवसभर खाटेवर पडून असतो. लोक येऊन सांगतात, ‘धीर धर, सगळे ठीक होईल.’ तो मान हलवतो आणि कुशीवर वळतो.

पहिला टप्पा : चक्र ओळखणे. मानसशास्त्रज्ञ त्याच्यासोबत कागदावर एक चक्र काढतात. बागेत गेले की नुकसान दिसते, म्हणून जायचे टाळतो. घरी पडून राहिला की विचार वाढतात. विचारांनी झोप जाते, झोप गेली की थकवा येतो, कामे साचतात. साचलेले काम पाहून वाटते, ‘मी कामाचा राहिलो नाही.’ मग शेतात जायची हिंमत आणखी कमी होते. आपण आळशी झालो नसून एका चक्रात अडकलो आहोत, हे कळले तरी ओझे थोडे हलते.

दुसरा टप्पा : छोटी कृती. ‘आधी मन लागू दे, मग काम करीन’ असे आपण म्हणतो. उदासीनतेत हा क्रम उलटा करावा लागतो. आधी कृती, मन मागून येते. म्हणून पहिल्या आठवड्यात अख्खी बाग नाही. सकाळी फक्त बांधापर्यंत जायचे आणि परत यायचे. एका मित्राचा फोन उचलायचा. संध्याकाळी मुलीसोबत बसून चहा घ्यायचा. प्रत्येक कृतीपुढे मन किती हलके वाटले, ते शून्य ते दहा आकड्यांत लिहायचे. लिहिता येत नसेल तर मुलगी लिहील. या पद्धतीला वर्तन सक्रियता म्हणतात. दिसायला साधी आहे, पण तिच्या परिणामकारकतेचे पुरावे भक्कम आहेत.

इथे मानसशास्त्रज्ञाला गाव कळावे लागते. ‘रात्री दहाला झोपा, सकाळी सहाला उठा’ हे पुस्तकातले सांगून चालत नाही. शेतीची वीज रात्रपाळीत असेल तर माणूस रात्री मोटार सुरू करायला जाणारच. मग त्या आठवड्यात दुपारी किती झोपायचे, चहा कधी बंद करायचा, रात्रीची पाळी भावासोबत वाटून घेता येईल का, असे वेळापत्रक बसवावे लागते.

तिसरा टप्पा : विचार तपासणे. ‘माझ्यामुळे घर बुडाले’ हे वाक्य त्याच्या डोक्यात दिवसभर फिरत असते. संवाद साधारण असा होतो :

‘भाऊ, वादळ त्या दिवशी किती बागांवरून गेले?’

‘अख्ख्या शिवारावरून, मॅडम.’

‘मग बाकीच्यांच्या बागा त्यांच्यामुळे पडल्या का?’

‘त्यांच्यामुळे कशा पडतील?’

‘मग तुमची तेवढी तुमच्यामुळे कशी?’

तो थोडा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, ‘पण पीकविमा भरायचा राहिला. ती चूक माझीच ना?’

इथे सल्ला देणारा माणूस म्हणेल, ‘जाऊ दे, विसर ते.’ मानसशास्त्रज्ञ तसे म्हणत नाही. ‘हो, ती चूक झाली. पुढच्या वर्षी तारीख पाळायची. पण चूक झाली ही एक गोष्ट आणि मी नालायक आहे हा निकाल दुसरी गोष्ट. या दोन्ही तुम्ही एकाच दावणीला बांधल्या आहेत.’ घटना आणि तिच्यावरचा निकाल वेगळा करणे हा या उपचाराचा गाभा आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही दिशा दाखवली. पुढे ॲरन बेक यांनी विचार आणि वर्तनावर काम करणारी पद्धत बांधली. ती आज सीबीटी या नावाने ओळखली जाते. एलिस यांची पद्धत महाराष्ट्रात रुजवण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठीत मांडली. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द मानसोपचाराच्या संदर्भात मराठी वाचकाला परिचित आहे तो यामुळेच.

चौथा टप्पा : प्रश्न सोडवणे. कर्ज खरे आहे, ते विचार बदलून जात नाही. थेरपीने ना कर्ज फिटते, ना केळीचा भाव वाढतो. म्हणून प्रश्नांची यादी होते : पंचनाम्याचे कागद कुठे अडले, कर्जाचे पुनर्गठन होऊ शकते का, लग्नाचा खर्च कुठे आवरता येईल, सासरच्यांशी हे कोण बोलेल. हातातले आणि हाताबाहेरचे असे दोन भाग केले जातात. हातातल्या एका गोष्टीवर या आठवड्यात काय करायचे, ते ठरते. डोंगर तोच राहतो, पण चढायची पायवाट दिसू लागते.

पाचवा टप्पा : पुन्हा घसरू नये म्हणून. सहा महिन्यांनी करपा आला किंवा भाव कोसळला तर जुने चक्र सुरू होऊ शकते. त्याची पहिली खूण कोणती? फोन न उचलणे? जेवणावरून चिडणे? ती खूण तो स्वतः ओळखतो, बायकोलाही सांगून ठेवतो आणि तेव्हा काय करायचे ते कागदावर असते.

■ बोलून बरे होते, याला पुरावा काय?

पुरावा आहे आणि तो आपल्या शेजारचाच आहे.

गोव्यात ‘संगत’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठा अभ्यास केला. मध्यम ते तीव्र उदासीनता असलेल्या ४९५ जणांना दोन गटांत विभागले. एका गटाला आरोग्य केंद्राचे नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत वर सांगितलेल्या वर्तन सक्रियतेची सहा ते आठ सत्रे मिळाली. तीन महिन्यांनी थेरपी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जण उदासीनतेच्या रेषेखाली आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही सत्रे देणारे ना डॉक्टर होते, ना मानसशास्त्रज्ञ. ती स्थानिक, सर्वसाधारण शिक्षण घेतलेली माणसे होती. त्यांना नीट प्रशिक्षण दिले होते आणि तज्ज्ञांची देखरेख होती.

दुसरे उदाहरण विदर्भातले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवण्यात आला. गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन उदासीनतेविषयी बोलायचे, त्रास ओळखायचे, प्रशिक्षित समुपदेशकापर्यंत आणि गरजेप्रमाणे डॉक्टरपर्यंत पोहोचवायचे. सुरुवातीला उदासीनता असलेल्यांपैकी अवघे ४.३ टक्के मदत घेत होते. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही. तरी दारापर्यंत मदत आली की लोक ती घेतात, एवढे त्यातून नक्की दिसते.

राज्य सरकारनेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ हा शेतकरी समुपदेशन प्रकल्प सुरू केला. प्रश्न त्या १४ जिल्ह्यांपुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२ हजार ७४६ जणांनी आत्महत्या केली. देशातील राज्यांत हा आकडा सर्वाधिक होता. त्यातले ४ हजार २४८ जण शेतकरी आणि शेतमजूर होते. उरलेल्यांत विद्यार्थी, गृहिणी, नोकरदार, रोजंदार असे सगळेच आले.

■ प्रत्येक त्रासाला वेगळी वाट

वरचे उदाहरण उदासीनतेचे. त्रास बदलला की पद्धतही बदलते.

भीती आणि घबराट : एसटीत बसले की श्वास कोंडतो, म्हणून प्रवासच बंद केला, असे काहींचे होते. टाळल्याने भीती वाढत जाते. इथे भीतीची शिडी बनवतात. आधी बसस्थानकावर नुसते उभे राहायचे, मग उभ्या बसमध्ये बसायचे, मग पुढच्या थांब्यापर्यंत, मग फैजपूरपर्यंत. प्रत्येक पायरीवर थांबून घबराट आपोआप ओसरते, हे शरीराला शिकवायचे.

व्यसन : ‘दारू वाईट’ हे पिणाऱ्याला आधीच माहीत असते. समुपदेशक त्याला स्वतःच्या तोंडून सोडण्याची कारणे सांगायला लावतो आणि ओढ येण्याची वेळ, जागा, सोबत ओळखून पर्याय ठरवतो. फार पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून तिथे डॉक्टर हवाच. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने महाराष्ट्राला हे काम जवळून दाखवले.

मृत्यूचे दुःख : सगळे दुःख म्हणजे आजार नाही. घरातले माणूस गेल्यावर रडू येणे, झोप उडणे स्वाभाविक आहे. दहावा-तेरावा, येणारे-जाणारे पाहुणे यांतून माणूस सावरतो. बराच काळ लोटूनही आयुष्य जागीच थांबले असेल तर मात्र मदत घ्यावी.

मुले आणि तरुण : लहान मुलांसोबत खेळ, चित्रे, गोष्टी यांतून काम होते आणि पालकांशी वेगळे बोलले जाते. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांत पावरा, भिल्ल, तडवी समाजाची मुले लहान वयात घर सोडून राहतात. यावलला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. या मुलांच्या मनाची काळजी हा तिथला खरा विषय आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, असे निर्देश दिले आहेत. आपल्या मुलाच्या शाळेत, कॉलेजात तो आहे का, हे पालकांनी विचारायला हरकत नाही.

तीव्र आजार : कानात आवाज येणे, कोणी मारायला टपले आहे अशी पक्की खात्री असणे, अनेक दिवस झोपेविना प्रचंड उत्साहात फिरणे, अशा लक्षणांत औषधे हाच मुख्य उपचार. थेरपी सोबतीला असते. इथे केवळ समुपदेशनावर वेळ घालवू नये.

■ आत बोललेले बाहेर जाईल का?

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘त्या’ दवाखान्याबाहेर मोटारसायकल दिसली की चर्चा होते. ही भीती खोटी नाही.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. नवऱ्याने बायकोबद्दल किंवा सासूने सुनेबद्दल विचारले म्हणून मानसशास्त्रज्ञ आतले बोलणे सांगू शकत नाही. अपवाद मोजके आहेत : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश आणि बालकावरील लैंगिक अत्याचार. हे अपवाद पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले जायला हवेत.

आत्महत्येचा प्रयत्न झाल्यावर ‘पोलिस केस होईल’ या धास्तीने घरचे दवाखान्यात न्यायला कचरतात. याच कायद्याचे कलम ११५ सांगते की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा होऊ नये. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नव्या न्याय संहितेत राहिलेले नाही. म्हणून क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

■ भगताकडे जावे की मानसशास्त्रज्ञाकडे?

अनेक घरांत पहिली पायरी भगत किंवा देवस्थानाची असते. त्याची टिंगल करून काही साधत नाही. देवदर्शनाने मन शांत होत असेल, सोबत जाणारी चार माणसे आधार देत असतील, तर तो आधार राहू द्यावा. चांगला मानसशास्त्रज्ञ नवस मोडायला सांगत नाही. मात्र मारहाण, उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे, औषधे बंद करायला लावणे या गोष्टी कुठेही खपवून घेऊ नयेत. साखळीने बांधायला तर २०१७ च्या कायद्यानेच बंदी आहे.

भाषेचेही तसेच. मनातले खोल दुःख माणूस मातृभाषेतच बोलतो. घरी लेवा बोली, अहिराणी, तडवी किंवा पावरी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत रडता येत नाही. ‘मला माझ्या बोलीत बोलायचे आहे’ असे बिनधास्त सांगा. समोरच्याला एखादा शब्द अडला तर तो विचारेल.

■ यावलहून पोहोचायचे कुठे?

• फोनवरून : टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ही सेवा सुरू केली. प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असल्यास तज्ज्ञाशी जोडून देतात.
• तालुक्यात : यावलचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला शारीरिक तक्रारीसोबत झोप, उदासी, घबराट हेही सांगा आणि पुढे कुठे जावे, याची चिठ्ठी मागा. आशाताईंकडूनही माहिती मिळू शकते.
• जिल्ह्यात : तापी ओलांडून जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांचे पथक अपेक्षित आहे. जाण्याआधी ओपीडीचे वार विचारून घ्या, म्हणजे मजुरीचा दिवस फुकट जाणार नाही.
• खासगी : फी, सत्राची वेळ आणि अंदाजे किती सत्रे लागतील, हे पहिल्याच फोनवर विचारा. यात संकोच नको.

■ मोबाइलवर थेरपी चालते का?

चालते. तालुक्याच्या गावाला ती मोठी सोय आहे, जाण्यायेण्याचा दिवस वाचतो. अडचण एकच : दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठून आणायचा? गच्ची, शेतातली झोपडी, बांधावरचे निंबाचे झाड यांतली एखादी जागा आणि वेळ आधीच ठरवा. इअरफोन लावा. व्हिडिओ अडकत असेल तर साधा कॉल चालतो. सत्र रेकॉर्ड करायचे नाही, हे दोन्ही बाजूंनी ठरवून घ्या. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र फोनवर अवलंबून राहू नका, प्रत्यक्ष रुग्णालय गाठा.

■ इथे सावध व्हा

• ‘एका बैठकीत शंभर टक्के बरे करतो’ अशी हमी.
• शिक्षण किंवा नोंदणी विचारल्यावर राग.
• दुसऱ्या रुग्णाच्या गोष्टी नावानिशी सांगणे.
• डॉक्टरची औषधे परस्पर बंद करायला सांगणे.
• उपचाराच्या नावाखाली शारीरिक जवळीक किंवा पैशांचे उसने व्यवहार.
• प्रत्येक वेळी तुम्हालाच दोष देऊन प्रवचन देणे.

यातले काहीही दिसले तर उठून निघा. दोन-तीन सत्रांनंतर सूर जुळला नाही तरी मानसशास्त्रज्ञ बदलता येतो. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याविषयी विश्वास वाटणे, हा थेरपीच्या यशातला मोठा भाग आहे.

■ घरच्यांनी काय करावे?

‘विचार करू नको’, ‘लोकांचे बघ, तुझ्यापेक्षा किती वाईट आहे’ ही दोन वाक्ये आधी बंद करावीत. त्याऐवजी शेजारी बसा आणि विचारा, ‘गेले काही दिवस तू गप्प आहेस. काय होते आहे?’ उत्तर आले नाही तरी बसून राहा. पहिल्या भेटीला सोबत जा, पण आत बोलू द्या त्यालाच.

‘आता जगण्यात अर्थ नाही’, ‘माझ्यानंतर मुलांचे बघा’ असे कोणी बोलत असेल, जपलेल्या वस्तू वाटून टाकत असेल, एकाएकी निरवानिरवीची भाषा करत असेल, तर ते नाटक समजू नका. ‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?’ असे थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. लगेच १४४१६ वर फोन करा किंवा रुग्णालयात न्या. आपत्कालीन स्थितीत १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

■ आणि ही थेरपी संपते कधी?

ठरवलेली उद्दिष्टे गाठली की. सुरुवातीला आठवड्याला एक सत्र, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. सौम्य त्रासात सहा-आठ सत्रे पुरतात, जुन्या जखमांना जास्त वेळ लागतो. आयुष्यभर कोणाच्या सल्ल्यावर चालायला लावणारा उपचार चांगला म्हणता येणार नाही. मानसशास्त्रज्ञाने वापरलेले प्रश्न हळूहळू माणूस स्वतःच स्वतःला विचारू लागतो. त्या दिवसापासून त्याला त्या खोलीची गरज कमी होत जाते.

तोवर पहिली पायरी एवढीच : पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘काय त्रास आहे?’ विचारले, तर डोकेदुखी सांगून झाल्यावर थांबू नका. ‘आणि डॉक्टर, मन लागत नाही,’ हेही सांगा.